बत्तिसावे दार

हुकूम सोमवारी सकाळी सहा वाजता लागू होणार होता. आदल्या दुपारी, ज्या मुलीची त्यावर सही होती ती काचेच्या दुकानावरच्या खोलीत जेवणाच्या टेबलाशी बसली होती, आणि तिचे काका तिच्याशी नव्या गिऱ्हाइकाशी बोलावे तितक्या गोडीने बोलत होते.

"रस्ता बंद करू नकोस असं मी म्हणतच नाही," काका म्हणाले. "कर की. खुशाल कर. फक्त वरचं टोक गुरुवारपर्यंत एका व्हॅनपुरतं मोकळं ठेव. येईल, काचा घेईल, जाईल. तुझी माणसं चहा पिऊन होईपर्यंत सगळं आटपलेलं असेल."

"वरच्या टोकाला उद्या सकाळी क्रेन उभी राहणार आहे, काका."

"मग ती चार फूट सरकली तर रुसणार आहे का?"

घरात तिला फुटपट्टी म्हणत. लहानपणी ती आत्याच्या काच कापायच्या टेबलाखाली बसून फरश्या मोजायची, आणि अंगानेही तशीच होती. आता ती बांधकाम खात्यात होती. काम चालू असताना रस्ता तात्पुरता बंद करण्याचा जो अधिकार कायद्याने खात्याला दिलेला आहे, तो शहराच्या या भागात तिच्या सहीने वापरला जाई. चार वर्षांत तिने एकोणीस रस्ते बंद केले होते आणि एकोणीसही ठरल्या दिवशी उघडले होते. विसावा तिच्या वडिलांच्या दारातला होता.

वडिलांना, म्हणजे थोरल्यांना, भावाचे हे बोलणे आवडत नव्हते आणि थांबवावेसेही वाटत नव्हते. गेल्या रविवारी खात्याच्या माणसाने कोपऱ्यावरच्या खांबाला नोटीस चिकटवली तेव्हा ते मुद्दाम वाचायला गेले होते. नव्या जलवाहिनीच्या कामासाठी हा रस्ता चौदा आठवडे वाहनांना बंद राहील. रस्त्यावरच्या प्रत्येक दारापर्यंत पायी जाण्यायेण्याची वाट मोकळी ठेवली जाईल. त्यांनी ती तीनदा वाचली. तिसऱ्यांदा फक्त खालची सही वाचली. शेजारी उभ्या असलेल्या पाववाल्याला ते म्हणाले, "अक्षर आमच्या बहिणीचं उचललंय तिने." रस्ता बंद झाल्यावर आपल्या काचा बाहेर कशा पडणार, हे घरी परतताना अर्ध्या जिन्यात त्यांच्या लक्षात आले.

काचा चौसष्ट होत्या, नव्या वाचनालयाच्या छतासाठी. ते काम काकांनी सात महिने चपला झिजवून मिळवले होते. चाळीस काचा कापून झाल्या होत्या. उरलेल्या चोवीस आत्या बुधवार संध्याकाळपर्यंत कापणार होती, आणि शुक्रवारी त्या वाचनालयात पोचल्या नाहीत तर काम शहराबाहेरच्या कारखान्याकडे जाणार होते. सहा वर्षांत दुकानाला एवढे काम आले नव्हते. ते गेले तर दुकान पुढे चालवायचे की नाही, हा प्रश्न दोघे भाऊ एकमेकांना न विचारता वर्षभर विचारत होते.

"दुसऱ्या कुणासाठी केलंयस का कधी असं?" थोरल्यांनी विचारले.

"नाही, बाबा. गेल्या वर्षी छापखान्याच्या रस्त्यावर छापखानेवाल्यांनी मागितलं होतं. त्यांचं मशीन यायचं होतं. मी नाही म्हटलं. अजून मला बघितलं की ते समोरच्या फुटपाथवर जातात."

"समोरच्या फुटपाथवर जायची त्यांची सोय आहे," काका म्हणाले. "आम्ही तर तुझ्या समोरच जेवतो."

आत्या या दोघा भावांमधली बहीण, आणि दुकानातले कापणे तिच्याकडे. चाळीस वर्षांत तिच्या काच कापायच्या हिऱ्याखाली वाकडी गेलेली काच कुणाला आठवत नव्हती. तिने ताट उचलले, हात धुतले, आणि काकू चहा घेऊन आली तशी खिडकीपाशी जाऊन बसली.

काकूला नवऱ्याची बाजू घ्यायची होती. सकाळीच तसे ठरले होते. पण चहाचे कप ठेवता ठेवता तिला आठवले ते भलतेच.

"अगं हो, विसरलेच. खालच्या घड्याळवालीने विचारलंय. तिच्या दारापुढे तुम्ही फळी टाकणार ती किती रुंद असेल? तिची चाकांची खुर्ची सत्तावीस इंच आहे म्हणे."

"कोणतं दार?" फुटपट्टीने विचारले.

"घड्याळवालीचं. आपल्या गोदामाचं. ह्यांनी भिंत फोडून काढलं ना दोन वर्षांपूर्वी, भाड्याने दिलं तेव्हा."

"गोदामाला रस्त्यावर दार नाही."

"अगं, आहे. निळं."

फुटपट्टीने कप खाली ठेवला. ती उठली, जिना उतरली, दुकानाबाहेर गेली आणि डावीकडे दहा पावले चालली. खिडकीतून आत्याला तिचा फक्त माथा दिसत होता. निळ्या दारापुढे तो बराच वेळ हलला नाही.

चूक कशी झाली ते आत्याला लगेच कळले, कारण ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झालीच नसती. दुकानात एक रीत होती. कोणतीही काच कापण्याआधी दोघांनी ती जागा वेगवेगळी मोजायची, आपापल्या चिठ्ठीवर आकडा लिहायचा, आणि दोन्ही चिठ्ठ्या जुळल्या तरच हिरा टेकवायचा. फुटपट्टीने ती रीत उचलून खात्यात नेली होती. रस्ता बंद करण्याआधी दोन माणसे दोन टोकांनी निघत, प्रत्येक दार लिहीत, आणि याद्या ताडून पाहत. सुरुवातीला लोक कुरकुरले, मग सवय झाली. पण या रस्त्याची पाळी आली तेव्हा सहायकाला ती म्हणाली होती, "तिथे नको जाऊ. मी त्या रस्त्यावर वाढले आहे." यादी तिने टेबलाशी बसून लिहिली. एकतीस दारे. ती दर रविवारी घरी यायची ती स्टेशनच्या बाजूने, दुकानात शिरायची, आणि त्याच बाजूने परत जायची. दुकानाच्या पुढची दहा पावले तिने सहा वर्षांत टाकली नव्हती.

ती वर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"खंदक आपल्या भिंतीपासून चार फुटांवरून जाणार आहे," ती म्हणाली. "दोन्ही बाजूंना पत्र्याचं कुंपण. चालायची वाट समोरच्या बाजूने. अलीकडच्या दारांपुढे खंदकावर कठड्याची फळी टाकायची. यादीत आहेत तेवढ्या दारांपुढे."

"आणि तिच्यापुढे पत्रा," आत्या म्हणाली.

"तिच्यापुढे पत्रा. उद्या सकाळपासून."

"मग एक फळी वाढव," काकू म्हणाली. "एका फळीने काय होतंय?"

"तिच्या दारापुढेच पाइप उतरवायचा खड्डा आहे, काकू. चौदा फूट रुंद. आखणी बदलावी लागेल. म्हणजे नवा हुकूम, नवी नोटीस, पुन्हा सात दिवस."

काकांच्या डोक्यात हळूहळू उजाडले. सात दिवस. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. व्हॅन. आनंद चेहऱ्यावर दिसू नये म्हणून त्यांनी चहाचा घोट घेतला. तो गरम होता.

"हे बघ," ते म्हणाले, "चूक झाली तर झाली. माणूस आहेस. मागे घे हुकूम. तोच धर्म आहे."

"आत्ता धर्म आठवला," काकू म्हणाली.

थोरले मात्र वेगळेच पाहत होते. त्यांना खांबावरची ती सही दिसत होती, आणि त्या सहीवर चिकटवलेला दुसरा कागद. गुरुवारी दुकानापुढे उभी राहिलेली व्हॅन दिसत होती, आणि समोरच्या फुटपाथवरून ती बघणारा छापखानेवाला. बापाच्या काचा निघेपर्यंत रस्ता उघडा ठेवला पोरीने. हे वाक्य त्यांना कुणी बोलण्याआधीच ऐकू आले.

"मागे घ्यायचा नाही," ते म्हणाले.

काका त्यांच्याकडे पाहतच राहिले. "दादा, तू कुणाच्या बाजूने आहेस?"

"गोदामातून दुकानात यायला आतून वाट आहे. मध्ये दोन पायऱ्या आहेत, त्यांच्यावर मी आज उतार ठोकून देतो. घड्याळवालीने आपल्या दुकानातून यावं-जावं. चौदा आठवड्यांचा प्रश्न. कुणाला कळायचं कारण नाही. हिची चार वर्षं आहेत त्या सहीत."

"आणि काचा?"

"काचांचं बघू."

सकाळी हेच दोघे भाऊ एका बाजूला होते. आता धाकटा पुतणीला चूक कबूल कर म्हणत होता आणि थोरला लपव म्हणत होता, आणि दोघेही आपापल्या परीने तिच्याच भल्याचे बोलत होते. काकांच्या बाबतीत तेवढी खात्री देता येत नाही.

फुटपट्टी वडिलांकडे पाहत होती. त्यांनी आयुष्यात तिला कधी खोटे बोलायला सांगितले नव्हते. आज पहिल्यांदा सांगत होते, तेही तिच्यासाठी. उतार एका तासात होईल हे तिला माहीत होते. तो चांगलाच होईल, कुरकुरणारसुद्धा नाही. सकाळी सहाला क्रेन येईल, खालच्या वस्तीला पाणी ठरल्या आठवड्यात मिळेल, आणि एकोणिसाचे वीस होतील.

आत्या खिडकीपासून उठली. "चल," ती फुटपट्टीला म्हणाली. "जिचं दार आहे तिला विचारू."

घड्याळवाली टेबलावर पुढे झुकून एका डोळ्याला भिंग लावून बसली होती. तिने भिंग काढले नाही. हातातले चाक इतके बारीक होते की मध्येच सोडता आले नसते. फुटपट्टीने उभ्यानेच सगळे सांगितले. तिचे दार यादीत कसे नाही, का नाही, आणि वडिलांनी काय सुचवले आहे, तेही. शब्द गाळला नाही. आत्या दाराशी उभी राहून ऐकत होती. आपण इतके सरळ सांगू शकलो असतो का, असे तिच्या मनात आले, आणि उत्तर फारसे सुखाचे नव्हते.

चाक बसले. घड्याळवालीने भिंग काढले.

"तुमच्या दुकानातून मी जाईन-येईन," ती म्हणाली. "थोरल्यांचे उपकार वाटतील, पण जाईन. माझ्याकडे येणारी म्हातारी माणसं मात्र काचांच्या उभ्या चळतींमधून यायची नाहीत. आणि बाई, खरं सांगू का? आधीची जागा मी सोडली ती तिथे माझं दार नव्हतं म्हणून. भावाच्या घरातून जावं लागायचं. बाहेर जाताना रोज कुणीतरी विचारायचं, कुठे निघालीस. इथे कुणी विचारत नाही."

फुटपट्टीने मान हलवली. परत येताना ती दुकानाच्या उंबऱ्याशी थांबली.

"आत्या, हा अधिकार फार मोठा आहे गं. लोकांच्या पायाखालचा रस्ता आम्ही काढून घेतो. कुणाची परवानगी नाही, नुसती नोटीस. कायदा एवढं देतो आणि बदल्यात एकच मागतो, की एकही दार रस्त्यापासून तुटता कामा नये. एकतीस राखून बत्तिसावं झाकलं, तर मग मी नुसती रस्ते अडवणारी बाई."

"मला काय सांगतेस," आत्या म्हणाली. "फोन कर."

मुख्य अभियंत्यांना तिने कापायच्या टेबलापाशी उभे राहून फोन लावला. भाऊ जिन्यात उभे होते, काकू त्यांच्या मागे. पलीकडचे बोलणे कुणाला ऐकू येत नव्हते, तरी कळत होते.

"एक दार सुटलं आहे, साहेब. हुकूम मागे घ्यावा लागेल. नाही, सहायकाने नाही. मी. एकटीनेच केली होती यादी." थोडा वेळ ती ऐकत राहिली. "क्रेन स्टेशनमागच्या रस्त्यावर घेता येईल, तिथली नोटीस पुरी झाली आहे. हो, खालच्या वस्तीला पाणी एक आठवडा उशिरा. मी स्वतः जाऊन सांगेन त्यांना. हो. हो, त्याच रस्त्यावर आहे. वडिलांचं." पुन्हा ऐकणे. "तेही लिहिते."

तिने टेबलावरच्या जाड कापडावर कागद ठेवला आणि उभ्यानेच लिहिले. थोरल्यांनी तिच्या खांद्यावरून वाचले. या रस्त्यावर बत्तीस दारे असताना हुकुमात एकतीस धरली गेली. चूक माझी आहे. बत्तिसावे दार माझ्या वडिलांच्या इमारतीत असून त्यांचे काचेचे दुकान याच रस्त्यावर आहे. सबब हुकूम मागे घेण्यात येत आहे.

"चूक माझी आहे, हे लिहायलाच पाहिजे का?" थोरल्यांनी विचारले.

"नाहीतर लोक सहायकाची समजतील."

खांबावरची सही थोरल्यांना आवडली होती, पण हा कागद आपण कुठेतरी जपून ठेवायला मागावा, असे त्यांना वाटले. मागायला तोंड उघडले नाही.

संध्याकाळी उजेड होता तोवर आत्या आणि फुटपट्टी रस्त्याच्या दोन टोकांनी निघाल्या. पाववाल्यापाशी भेटल्या, चिठ्ठ्या उघडल्या. दोन्हींवर बत्तीस होते. कागद खांबावर लागला, तो वाचायला चार माणसे थांबली, आणि पाचवा छापखानेवाला होता. तो मुद्दाम आला होता की चालला होता म्हणून थांबला, कोण जाणे. सावकाश वाचून तो एवढेच म्हणाला, "म्हणजे काचा निघणार तर."

हे काकांनी घरी येऊन सांगितले. गंमत म्हणून सांगितले, पण कुणी हसले नाही.

"मी तुम्हाला थांबवणार नाही," फुटपट्टी म्हणाली. ती निघायच्या तयारीत होती, पिशवी खांद्याला होती. "रस्ता सगळ्यांना उघडा आहे. व्हॅन आणा. नियमाने ती येऊ शकते."

"येऊ शकते हे मला कळतं," थोरले म्हणाले. मग भावाकडे वळले. "उद्या रस्ता बंद झाला असता, तर गुरुवारी आपण काय केलं असतं?"

"डोक्याला हात लावून बसलो असतो."

"हातांनी नेल्या असत्या," आत्या म्हणाली. "कोपऱ्यापर्यंत दोनशे दहा पावलं आहेत. एका काचेला दोन माणसं."

"चौसष्ट काचा?" काकांनी बहिणीकडे पाहिले. "सहा फुटी?"

"मग तशाच नेऊ," थोरले म्हणाले. "हुकूम लागू आहे असं समजायचं. तिच्या हुकुमाने आपल्याला जे मिळालं नसतं, ते तिच्या चुकीने घ्यायचं नाही."

"बाबा, याची काही गरज नाही."

"तू तुझं काम बघ. हे दुकानाचं आहे."

काका बराच वेळ टेबलावर बोटे वाजवत राहिले. हे काम त्यांनी मिळवले होते, सात महिने. एक काच हातून सुटली तर आत्याचा तास-दीड तास, पाच-सहा सुटल्या तर शुक्रवार हातचा गेला. व्हॅन दारात उभी राहू शकते, आणि हा माणूस म्हणतो नको. त्यांना भावाचा राग आला होता आणि त्या रागाला धरून ठेवायला कुठे खाच सापडत नव्हती.

"माझी कंबर दुखते," ते शेवटी म्हणाले.

"मधल्या काचा तू घे," थोरले म्हणाले. "त्या जरा लहान आहेत."

"सगळ्या सारख्याच आहेत. मीच माप लिहून घेतलंय."

गुरुवारी सकाळी थोरल्यांनी खडूने रस्त्यावर खंदक आखला. आधी लोकांना वाटले खात्याचे काम सुरू झाले. दुकानाच्या दारापुढे त्यांनी फळी आखली, पलीकडे चार फुटांची वाट आखली, आणि पहिली काच घेऊन दोघे भाऊ त्या फळीवरून पलीकडे गेले, खाली खरोखर खोल असावे तसे, पाय जपत. पाववाला दारात येऊन उभा राहिला. एक सायकलवाला खंदकातून निघून गेला.

"पडला बघ," काका म्हणाले.

"बोलू नकोस. काच हलते."

अकराव्या काचेला थोरल्यांनी दम खाल्ला. एकोणिसावी कोपऱ्याच्या दगडाला टेकली आणि तिचे एक टोक उडाले. ती परत आली, आत्याने लगेच दुसरी कापायला घेतली. तिसाव्या काचेपासून पाववाल्याचा मुलगा थोरल्यांच्या जागी लागला. दुपारी घड्याळवाली निळ्या दारात खुर्ची लावून बसली. प्रत्येक काच जाताना ती खुर्ची जरा आत ओढून घेत होती, तशी जरुरी नव्हती तरी.

व्हॅनचा ड्रायव्हर कोपऱ्यावर सकाळपासून टेकून उभा होता. त्याने पंचेचाळीस काचा घेतल्या, मागे लावल्या, बांधल्या. शेहेचाळिसावी घेऊन काका आणि पाववाल्याचा मुलगा आले तेव्हा काकांचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि श्वास लागला होता. ड्रायव्हर रस्त्याच्या आत डोकावला. रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा होता. त्यावर खडूच्या रेघांशिवाय काही नव्हते.

"साहेब," तो म्हणाला, "राहवत नाही म्हणून विचारतो. रस्ता उघडा आहे. दुकानाच्या दाराशी आणतो की गाडी. दोन मिनिटांचं काम."

काकांनी काचेचे आपले टोक अलगद त्याच्या हातात दिले, सोडण्याआधी त्याची पकड पाहून घेतली. मग हातमोजे काढून तोंड पुसले. गोडीने समजावून सांगायची त्यांना सवय होती, आणि सांगण्यासारखे पुष्कळ होते.

"तुमच्यासाठी उघडा आहे," ते म्हणाले. "आमच्यासाठी बंद आहे."

आणि हातमोजे चढवत ते सत्तेचाळिसावी आणायला खडूच्या वाटेने परत निघाले.